पोरांचं वजन मोजता, मग पाणीपण मोजा : एमएमएच्या स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात आणि बाहेर एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला, जाळीच्या पिंजऱ्यात होणारा खेळ) कार्डं म्हणजे फाईटचे कार्यक्रम लावणारे सगळे आयोजक, जोड्या लावणारे मॅचमेकर आणि वेगवेगळ्या संघटनांचे पदाधिकारी

नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात एक छोटी जिम चालवतो. आधी तालमीत होतो, मग पुण्यात जाऊन एमएमए शिकलो, चार फाईट खेळलो, गुडघा गेला तसा कोचिंगला लागलो. माझ्याकडे आज बावीस पोरं आणि पाच पोरी आहेत. तुमच्यातले बरेच जण मला फोनवर ओळखतात, काही जणांच्या कार्डला माझी पोरं खेळलीत, त्यामुळे वजनाच्या गटात बसवायला पोरांच्या अंगातलं पाणी काढतात त्याबद्दलचं हे पत्र कुणा एकाला टोचावं म्हणून लिहीत नाहीये. पण लिहायला उशीर झालाय एवढं मात्र खरं, कारण जी गोष्ट सांगणार आहे ती घडून आता दीड वर्ष झालं आणि तेव्हापासून रोज रात्री वाटतंय की लिहावं.

एका कार्डच्या आठ दिवस आधी फोन आला. ६१.२ किलोच्या गटात एक जण जखमी झालाय, पोरगा आहे का? माझ्याकडे एक होता, एकोणीस वर्षांचा, फिरतं वजन म्हणजे एरवीचं रोजचं वजन ६९-७०, हात चांगला, दम चांगला, आणि पहिल्या फाईटसाठी सहा महिने थांबलेला. मी म्हटलं आठ दिवसांत नऊ किलो कसं होणार. तिकडून उत्तर आलं, अहो सगळेच करतात, पाच-सहा किलो तर नुसतं पाणी असतं. आणि मी हो म्हटलं. हे मला आधीच सांगायचंय, कारण पुढं जे मागतोय ते दुसऱ्याकडं बोट दाखवून नाही मागत, त्या फोनवर हो म्हणणारा मीच होतो.

पहिले पाच-सहा दिवस भात-भाकरी बंद, मीठ बंद, रोज सात-आठ लिटर पाणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भरपूर पाणी पाजत राहिलं की शरीर पाणी बाहेर टाकायच्या सवयीला लागतं, मग शेवटच्या दिवशी पाणी तोडलं तरी लघवी काही तास तशीच चालू राहते, ही ती युक्ती. आणि पिष्ट पदार्थ बंद केले की स्नायूंत साठलेली साखर संपते, त्या साखरेच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. असं करून तो ६५ वर आला. उरलेले जवळजवळ चार किलो शेवटच्या वीस तासांत, हायवेवरच्या एका लॉजच्या खोलीत काढायचे होते.

परदेशातल्या व्हिडीओंमध्ये बाथटब दिसतो, सौना म्हणजे घाम काढायची गरम खोली दिसते. आमच्याकडे गीझर होता आणि दोन बादल्या. बाथरूमची खिडकी टॉवेलनं बुजवली, गरम पाणी सोडून वाफ केली, पोराला आत सौना सूट, वर जॅकेट, वर लॉजची रजई. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, वजनकाट्यावर, परत आत. तोंडात च्युइंगम आणि हातात थुंकायला बाटली. रात्री एक वाजता ६३, अडीच वाजता ६२.४, सव्वातीनला ६२.१, आणि मग काटा हलेचना. त्याला घाम यायचा बंद झाला होता. पोटऱ्यांना गोळे आले, मग पोटाला आले, मी चोळत बसलो आणि त्याला म्हटलं अजून अर्धा तास राजा, आता थोडंच राहिलंय. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, आई आली का? त्याची आई गावाकडं होती, घरात झोपलेली. त्याला आपण कुठं आहोत तेच कळत नव्हतं.

तिथं मी थांबलो. अर्धा तास आधी थांबायला पाहिजे होतं, खरं तर आठ दिवस आधी.

दवाखान्यात नेला तेव्हा नाडी धावत होती आणि अंग तापलेलं. डॉक्टरांनी विचारलं जुलाब झाले का, उलट्या झाल्या का, आणि मी सांगितलं की नाही, आम्हीच पाणी काढलंय, तेव्हा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. क्रिएटिनिन २.४ आलं. किडनीवर ताण आलाय म्हणाले, दोन दिवस ठेवून घेतला. पोरगा वाचला, किडनी पूर्वपदावर आली, देवाची कृपा. सकाळी आयोजकांना फोन केला तर पहिलं वाक्य होतं, अहो पोस्टर छापलंय. तब्येतीचं विचारलं, पण नंतर. मी त्या माणसाला वाईट म्हणणार नाही, त्यानं हॉल बुक केलेला, स्पॉन्सर आणलेला, तिकिटं विकलेली, आणि असं होऊ शकतं हे त्याच्या गणितातच नव्हतं. ते त्याच्या गणितात यावं म्हणूनच हे पत्र.

कारण हे फक्त माझ्या लॉजच्या खोलीत होतं असं नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये रिओ दि जानेरोत लिआंद्रो सौझा नावाचा २६ वर्षांचा फायटर वजन द्यायच्या आधीच कोसळला आणि गेला. त्याला फ्लायवेट म्हणजे ५६.७ किलोचा गट गाठायचा होता. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिप या सिंगापूरच्या एमएमए कंपनीच्या कार्डसाठी आलेला चीनचा यांग जियानबिंग, वय २१, तोही फ्लायवेटच, वजन उतरवताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. दोघांनाही प्रतिस्पर्ध्याचा एक ठोसाही लागला नव्हता. फाईटला अजून वेळ होता. मार्च २०१७ ला लास वेगासमध्ये खबीब नुरमागोमेदॉव्हला वजन द्यायच्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं आणि टोनी फर्ग्युसनबरोबरची इंटरिम म्हणजे तात्पुरत्या टायटलची फाईट रद्द झाली, म्हणजे ज्याच्यामागं जगातले चांगले कोच, डाएटवाले, पैसा सगळं आहे त्याचीही ही गत. डॅनियल कॉर्मिए २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकेच्या कुस्ती टीमचा कॅप्टन होता, वजन उतरवता उतरवता किडनीनं साथ सोडली आणि तो मॅटवर उतरलाच नाही. आणि आपल्याकडं गीझर आणि रजई.

यांगच्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिपनं काय केलं ते सांगतो, कारण माझी सगळी मागणी तिथूनच येते. त्यांनी पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली. नुसती कागदावर बंदी घालून काय होत नाही, म्हणून त्यांनी फाईटच्या आठवड्यात वजनाबरोबर लघवीची तपासणी सुरू केली. लघवी किती घट्ट आहे ते बघायचं, साध्या पाण्याचा आकडा १.०००, आणि खेळाडूचा १.०२५ च्या वर गेला तर तो सुकलेला आहे असं धरायचं, वजन बरोबर असलं तरी नापास. आणि गटही एकेक पायरी वर सरकवले, पूर्वी ५६.७ ला फ्लायवेट होतं ते ६१.२ झालं, कारण माणसं मुळात तेवढ्याच वजनाची होती, मधलं पाणी फक्त वजन देताना गायब व्हायचं. ही पद्धत परफेक्ट नाही हे मलाही माहितीय. त्यांच्याकडं तपासणीत नापास होतात, मग ऐनवेळी कॅचवेटला म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या मधल्या वजनाला फाईट होते, पळवाटा शोधणारे तिथंही आहेत. पण वजनकाट्याशेजारी दुसरा एक आकडा आला, हे मला फार मोठं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल ते सिंगापूरवाले मोठे लोक, त्यांची मशीनं आपल्याला कशी परवडणार. अहो, ते मशीन माझ्या वडिलांनी आयुष्यभर बघितलंय! आमचा ऊस आहे. तोडणीच्या आधी कारखान्याच्या शेती विभागाचा माणूस येतो, उसाच्या कांडीला टोचून रसाचा थेंब काढतो, खिशातनं एक बोटभर जाड नळी काढतो, त्याच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडं धरून डोळा लावतो आणि सांगतो ब्रिक्स (रसातल्या साखरेचं प्रमाण) एवढा आलाय, अजून पंधरा दिवस थांबा. रिफ्रॅक्टोमीटर. रस जितका घट्ट तितका उजेड जास्त वळतो, एवढंच त्यातलं विज्ञान. लघवी तपासायचा रिफ्रॅक्टोमीटर तोच, फक्त आतली पट्टी वेगळी. दोन-अडीच हजारात मिळतो. मी घेतलाय. म्हणजे ऊस पिकलाय का नाही हे आपण तोडणीच्या आधी तपासतो, कारण कच्चा तोडला तर साखर उतरत नाही, नुकसान होतं, आणि पोरगं सुकलंय का नाही हे मात्र त्याला पिंजऱ्यात सोडण्याआधी कुणी तपासत नाही. मला हे लिहिताना खरंच गलबलून येतं. एका स्पॉन्सरच्या बॅनरच्या खर्चात हे होतं हो.

कोच मित्रांशी बोललो की एक ठरलेलं उत्तर येतं. माझा पोरगा नाही उतरला तर समोरचा उतरून येणार, मग माझ्या ७० च्या पोरापुढं ७८ चा उभा राहणार, त्याचं काय? हे खरं आहे आणि म्हणूनच मी हे पत्र कोचना नाही, तुम्हाला लिहितोय. आमच्याकडं जत्रेच्या कुस्तीच्या मैदानात पुढच्या रांगेतला एक जण उठला की मागचे सगळे उठतात, शेवटी सगळे उभे आणि दिसतं पूर्वीइतकंच, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. तेव्हा मागच्या माणसानं एकट्यानं खाली बसून काही होत नाही, हलगी थांबवून माईकवरनं सांगावं लागतं की सगळे खाली बसा, बसल्याशिवाय पुढची कुस्ती लागणार नाही. माईक तुमच्या हातात आहे. अमेरिकेत राज्याराज्यांची सरकारी अ‍ॅथलेटिक कमिशन असतात, आपल्याकडं तसं काही नाही, आयोजक हाच नियम लिहिणारा आणि हाच डॉक्टर बोलावणारा. म्हणून दुसऱ्या कुणाकडं मागायचं?

आणि माईकवरनं सांगितलं की होतं, याचा दाखलाही आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत जेमतेम महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान गेले, तिघंही रबरी सूट घालून, गरम खोलीत, पाणी तोडून वजन उतरवत होते. लगेच पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या कॉलेज कुस्तीच्या संस्थेनं रबरी सूट आणि सौना बंद केले, गट सात-सात पौंडांनी वर सरकवले, वजन देणं कुस्तीच्या तोंडावर आणलं, आणि मग सीझनच्या सुरुवातीलाच अंगातली चरबी आणि पाणी तपासून या पोरानं खालच्यात खालच्या कुठल्या गटात खेळायचं ते ठरवून टाकायची पद्धत लावली, आठवड्याला दीड टक्क्याच्या वर वजन उतरवायचं नाही असा हिशेब. म्हणजे ठरवलं तर होतं. तीन पोरं जायची वाट बघावी लागली एवढंच.

काही जण सांगतात की वजन फाईटच्या दिवशी सकाळी घेतलं की सगळा प्रश्न सुटेल. मी पण पूर्वी असंच म्हणायचो. पण विनेशचं आठवा. कुस्तीच्या जागतिक संघटनेनं दोन दिवस, दोन्ही सकाळी वजन, असा नियम केला तो लोकांनी कमी उतरवावं म्हणूनच. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या काट्यावर बसली, जपानच्या युई सुसाकीला हरवलं जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधी हरलीच नव्हती, फायनलला गेली, आणि मग रात्रभर झोप नाही, पाणी नाही, घाम गाळला, केससुद्धा कापले, आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धी वाटी पाणी. फायनल तर गेलीच, नावही शेवटच्या नंबरला टाकलं. ती मुळात ५३ ची खेळाडू, त्या गटात जागा नव्हती म्हणून ५० ला आली. आणि तिच्यानंतर अमन सेहरावतनं ब्राँझच्या कुस्तीआधी रात्रीतून साडेचार किलोच्या वर उतरवले आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. पोराच्या जिद्दीला वाजवल्याच पाहिजेत. पण त्या टाळ्या ऐकून गावोगावच्या तालमीत चौदा-पंधरा वर्षांची पोरं काय शिकली असतील याचा विचार नंतर आला. मी स्वतः नववीत असताना जिल्ह्याच्या शालेय कुस्तीसाठी दोन किलो उतरवायला दोन दिवस पाणी सोडलं होतं, शाळेच्या नळाखाली तोंड धुताना गिळायचं नाही असं स्वतःला बजावत. चौदा वर्षांचा होतो. वाढीचं वय ते, त्या वयात गटात बसायला अंग आखडून घ्यायचं म्हणजे काय.

तर वजन आदल्या दिवशी घ्या की त्याच दिवशी, नुसत्या वेळेनं सुटत नाही. यूएफसीत, म्हणजे अमेरिकेतल्या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, २०१६ पासून वजन आदल्या सकाळी घ्यायला लागले, हेतू चांगला होता, की पोरांना परत पाणी भरायला जास्त तास मिळावेत. माझं मत असं की जास्त तास मिळतात म्हटल्यावर माणूस जास्त उतरवतो, तो हिशेबच तसा होतो. आणि परत भरणं म्हणजे बाटली भरण्यासारखं नसतं. दीड दिवसात काट्यावर आठ किलो परत येतात, माणूस फुगलेला दिसतो, पण आत सगळं जागच्या जागी बसलेलं नसतं. घामात जातं ते आधी रक्तातलं पाणी, रक्त घट्ट होतं, हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके मारावे लागतात, घाम आटला की अंगातली उष्णता बाहेर पडायचा रस्ताच बंद, किडनीला रक्त कमी. आणि असा माणूस मग डोक्यावर ठोसे खायला उभा करायचा. मेंदू पाण्यात तरंगतो हे आपण शाळेत शिकलोय, मला वाटतं एवढं पुरे.

सलाईनबद्दल पण बोलायला पाहिजे कारण आपल्याकडं ते सर्रास चालतं. वजन दिलं की रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात, दोन बाटल्या लावून घ्यायच्या, डॉक्टरला सांगायचं अशक्तपणा आलाय. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमात दवाखान्यातल्या खऱ्या उपचाराशिवाय बारा तासांत १०० मिलीच्या वर शिरेतून काही घेणं बंद आहे, लघवी होण्याच्या गोळ्या बंद आहेत, आणि यूएफसीनंही २०१५ च्या ऑक्टोबरपासून सलाईन बंद केलं. आपल्या कितीतरी पोरांना हा नियम आहे हेच माहीत नाही. उद्या एखादं पोरगं वर जाईल आणि तिथं सापडेल, तेव्हा आपण म्हणणार त्याला कुणी सांगितलं कसं नाही. मेडिकलमधून लघवीच्या गोळ्या आणून घेतलेली पोरं मी बघितलीत, त्यानं पोटॅशियम जातं, पोटॅशियम गेलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात, हे गोळी देणाऱ्या दुकानदारालाही कुणी विचारलेलं नसतं.

आता वजन द्यायच्या हॉलबद्दल, कारण हे तुमच्या हातात शंभर टक्के आहे आणि यात पैसा एक रुपया लागत नाही. मेसेज येतो, वजन सकाळी दहाला. पोरं दहाच्या हिशेबानं सुकवलेली असतात, पहाटे चारला शेवटचे दोनशे ग्रॅम काढलेले असतात. दहाला हॉलवर पोचलो तर कुलूप. अकराला कोणतरी येतो, बॅनर लागायचंय म्हणतो. बाराला कळतं की प्रमुख पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर फोटो काढायचेत, तोवर थांबा. एकदा आम्ही दुपारी अडीच वाजेपर्यंत बसलो होतो. मे महिना, पत्र्याचा हॉल, तीस-पस्तीस पोरं भिंतीला टेकून बसलेली, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, कुणी कुणाशी बोलत नाही, एक जण बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन परत बाटलीत थुंकत होता. माझ्या शेजारी एक पोरगी बसलेली, तिला उभं राहिलं की अंधारी येत होती, तिच्या कोचनं तिला आडवं झोपवून पाय वर धरून ठेवलेले. आणि स्टेजवर माईक टेस्टिंग चालू. साडेचार तास! त्या साडेचार तासांत शरीरात काय होत असतं ते तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तसं केलं नसतं याची मला खात्री आहे, म्हणून आता सांगतोय. दहा म्हणजे दहा. फोटो नंतर काढा, पोरांनी पाणी प्यायल्यावर, चेहरेही बरे दिसतील.

आणि काटा. प्रत्येक हॉलला वेगळा काटा, कुठं फरशी वाकडी, कुठं बॅटरी उतरलेली. आमच्या जिमच्या काट्यावर ६१.० आणि तुमच्या काट्यावर ६१.५, म्हणजे परत एक तास दोरीउड्या. आदल्या संध्याकाळीच स्पर्धेचा काटा सगळ्यांसाठी मोकळा ठेवा, ज्यानं त्यानं येऊन बघून जावं. शेजारी एक डॉक्टर बसवा, त्याच संध्याकाळपासून. आत्ता डॉक्टर येतात ते फाईटच्या दिवशी, पिंजऱ्याच्या शेजारी, हात मोडला, कपाळ फुटलं तर. पण सगळ्यात धोक्याची रात्र त्याच्या आधीची असते आणि त्या रात्री लॉजच्या खोल्यांमध्ये कुणीच नसतं, आमच्यासारखे कोच सोडून, जे अजून अर्धा तास म्हणत असतात.

सगळ्यात जास्त भीती मला त्या आठ दिवसांच्या फोनची वाटते. शॉर्ट नोटीस. त्यात नकार देणारं पोरगं दुर्मिळ, कारण त्याला संधी मिळत नाही, आणि नाही म्हटलं तर परत फोन येणार नाही हे त्याला माहीत असतं. तुम्ही फोन करताना एक प्रश्न विचारायचं ठरवा, आज सकाळी वजन किती होतं? काट्यावर उभा राहून फोटो पाठव म्हणावं. फिरतं वजन गटाच्या फार वर असेल आणि दिवस कमी असतील तर ती फाईट कॅचवेटला लावा. ६१.२ आणि ६५.८ च्या मधे ६४ ला फाईट लावली तर कुठला प्रेक्षक उठून जाणार आहे? आपल्या कार्डला लोक येतात ते आपल्या गावातलं पोरगं खेळतंय म्हणून, किती किलोला खेळतंय ते कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियाच्या कमिशननं २०१७ मध्ये नवीन नियम आणले, त्यात फाईटच्या दिवशी परत वजन बघायचं आणि दहा टक्क्यांच्या वर परत आलं असेल तर पुढच्या वेळी वरच्या गटात जा असं सांगायचं. आपण एवढं तरी करू शकतो. वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी मॅच लावताना वही उघडायची.

मधले नवे गट काढा ही मोठी मागणी माझी नाही, ती जगातल्या मोठ्या लोकांनीही ऐकलेली नाही. ७०.३ किलोनंतर थेट ७७.१, मग ८३.९, मग ९३, आणि त्यानंतर एकदम १२०. २०१७ मध्येच अमेरिकेतल्या कमिशनांच्या संघटनेनं मधले गट मंजूर केले, १६५, १७५, १९५, २२५ पौंडांचे, यूएफसीनं घेतले नाहीत, कारण त्यांचे बेल्ट ठरलेले आहेत. पण आपल्याकडं कुठं बेल्टची एवढी परंपरा आहे? आपण सुरुवातीलाच आहोत. जून २०२४ ला पूजा तोमरनं यूएफसीत फाईट जिंकली तेव्हापासून माझ्या जिममध्ये पोरी येऊन विचारतात, आणि त्यांना मी सांगतो की आधी खा. आपण आत्ता जे लावू तेच पुढची वीस वर्षं चालणार आहे.

पोरांना वाटतं वरच्या गटात गेलं की हरणार. रॉबर्ट व्हिटाकर १७० पौंडांत खेळायचा, वर गेला आणि १८५ चा चॅम्पियन झाला. डस्टिन पोरिए १४५ सोडून १५५ ला आला आणि तिथं इंटरिम बेल्ट घेतला. ज्या कॉर्मिएची किडनी गेली होती तो पुढं हेवीवेट चॅम्पियन झाला, वजन न उतरवता. आणि आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत एक गट वर, बँटमवेटला खेळून ब्राँझ घेऊन आले. कराडच्या बसस्टँडवरून जाताना मी पोरांना हे प्रत्येक वेळी सांगतो, ती कंटाळलीत ऐकून, तरी सांगतो.

अठराच्या आतल्यांसाठी मात्र मला तडजोड नको. त्यांचं वजन नाव नोंदवताना घ्या, दवाखान्यात पाणी तपासून घ्या आणि त्याच वजनाच्या जवळच्या पोराशी लावा, दोन किलो इकडं-तिकडं. त्यांना गट नकोतच. आमच्याकडं जत्रेत जोडी लावताना वस्ताद दोघांना शेजारी उभं करून बघतात, खांद्याला खांदा लागतोय का, तसं. वजनासाठी उपाशी ठेवलेलं पोर दिसलं तर त्याच्या कोचला पुढच्या कार्डला घेऊ नका. माझ्याकडनं झालं तर मलाही घेऊ नका.

आणखी एक, पैशाचं. वजन चुकलं की मानधनातून कापायची पद्धत आपल्याकडंही आलीय. पाच-दहा हजारांच्या मानधनातून तीस टक्के कापले की प्रवासाचे पैसेसुद्धा निघत नाहीत, म्हणून पोरगं मरायला टेकलं तरी शेवटचे पाचशे ग्रॅम काढत बसतं. ज्यानं डॉक्टरच्या सांगण्यावरून थांबवलं त्याचे पैसे कापू नका. एवढं जाहीर लिहून टाका पोस्टरवर, खालच्या बाजूला का होईना.

माझा तो पोरगा आता एकवीसचा आहे. दवाखान्यातून आल्यावर तीन महिने मी त्याला ट्रेनिंगला घेतलाच नाही, घरी जाऊन आईची माफी मागितली, त्या माउलीनं चहा दिला आणि एवढंच म्हणाली, तुम्ही पण पोरंबाळांचे आहात. आता तो परत खेळायला तयार आहे. सकाळी ७१ भरतो, रोज जेवतो, रात्री आईच्या हातच्या दोन भाकरी, आणि फाईटच्या आठवड्यात फक्त मीठ थोडं कमी करून ७०.३ ला आरामात बसतो. पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी ज्यांचं कार्ड आहे त्यांनी त्याचं नाव ७०.३ लाच घाला, ६५ ला एक जागा आहे असा फोन कृपया करू नका.

रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडं आहे, कप मी विकत आणतो. वजनाच्या दिवशी सकाळी दहाला काट्याशेजारी एक टेबल आणि एक खुर्ची द्या, मी स्वतः येऊन बसतो, सगळ्यांच्या पोरांची तपासणी करतो, पैसे नकोत. पहिल्या कार्डला कुणाला नापास करू नका हवं तर, नुसते आकडे लिहून घेऊ आणि संध्याकाळी सगळे कोच मिळून वही बघू.

तुमचा,
कोल्हापूर जिल्ह्यातला एक कोच